कपाटातले सात रणगाडे

१० फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी सव्वासात.

क्लबातून आत्ताच आलो. बूट पायातच आहेत. हात थरथरत नाहीयेत. अक्षर वाकडं येतंय ते पेनामुळे.

घडलं ते असं. आमचा मॉडेल क्लब दर शनिवारी चष्मेवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत भरतो. चष्मेवाला सेक्रेटरी. शिवाय शिंपी, बँकवाला, पाववाला आणि मी. प्लास्टिकचे सुटे पार्ट जोडून हुबेहूब छोटे रणगाडे करायचे, हा छंद. आज बँकवाल्याने एक आणला होता. मी भिंग लावून सतरा चुका काढल्या. (मागच्या पत्र्यावर बोल्ट नऊ. हवेत अकरा. माणूस बँकेत काय मोजतो, देव जाणे.) सगळे नेहमीसारखे माना डोलवत होते. तेवढ्यात चष्मेवाला म्हणाला, त्याच्याकडे एक आजोबा येतात, सैन्यात एकवीस वर्षं खराखुरा रणगाडा चालवायचे. त्यांना आपले रणगाडे बघायचेत. "मी सांगून टाकलं, आमच्या सरांच्या काचेच्या कपाटात सात आहेत. चोवीस मार्चला रविवारी सगळेच येतो. चहा तेवढा ठेवा, सर."

मी "अवश्य, अवश्य" म्हणालो. दोनदा.

आता सातबद्दल. अकरा वर्षांपूर्वी, क्लबातल्या पहिल्याच दिवशी, शिंप्याने विचारलं होतं, तुम्ही किती केलेत? तोंडातून "सात" गेलं. ते खोटं नव्हतं. सुट्या पार्टांच्या डब्यांचे सात किट माझ्याकडे होते आणि आहेत. त्यांतले पूर्ण व्हायचे राहिलेत सात. बाकी मनाने ते केव्हाच पूर्ण आहेत.

११ फेब्रुवारी, रविवार

घाबरण्यासारखं काही नाही. त्रेचाळीस दिवस. सात रणगाडे. एका रणगाड्याला सहा दिवस, वर एक दिवस राखीव. वेळापत्रक केलं. चार रंगांची शाई, पट्टीने आखलेल्या रेषा, प्रत्येक चाकाला स्वतंत्र चौकट. इतकं देखणं वेळापत्रक क्लबात कोणी बघितलं नसेल.

ते करण्यात राखीव दिवस गेला.

१३ फेब्रुवारी. सकाळी

हिला सांगितलं. कोणीतरी एकाला सांगणं भाग होतं, छातीत धडधडत होतं. ही मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. रोज सहा भेदरलेली माणसं शेजारी बसवून भर रस्त्यात नेते आणि घरी येऊन शांतपणे भाजी चिरते. तिला भीती म्हणजे काय ते कळत नाही, हा तिच्यातला एक उणेपणा आहे.

सगळं ऐकून म्हणाली, "सातही खोटे?"

मी म्हटलं, खोटे नाहीत, अपूर्ण आहेत.

"एक तरी डबा उघडलाय का?"

तीन उघडलेत. आतल्या प्लास्टिकच्या पिशव्या उघडल्या नाहीत, कारण एकदा पिशवी उघडली की धूळ बसते. हे तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मग त्यांना फोन करून खरं सांगून टाका की."

हिला क्लब कळत नाही. तिथे मला सर म्हणतात. कारखान्यात मी नळ तपासतो, अठ्ठावीस वर्षं झाली, आणि तिथे मला "ओ नळवाले" म्हणतात. कोणाच्याही हाताखाली न शिकता, पुस्तकं आणि फोटो बघून बघून मी हे ज्ञान मिळवलंय. ते "सर" म्हणणं चोवीस मार्चला जाणार की राहणार, प्रश्न एवढाच आहे. बाकी धडधड गॅसमुळे असावी.

१५ फेब्रुवारी

सगळे पार्ट प्लास्टिकच्या एका जाळीत अडकलेले येतात, तिच्यातून पहिला पार्ट कापायला बसलो. ब्लेड नवीन. दिवा बरोबर डाव्या बाजूला. ब्लेड टेकवलं आणि लक्षात आलं, कापलं की कापलंच. नळ नापास केला तर परत जातो, वितळतो, पुन्हा नळ होतो. इथे तशी सोय नाही.

ब्लेडला जास्त धार आहे. कमी धारेचं आणायला हवं. बाजारात गेलो. दुकान बंद होतं. मला वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही.

१७ फेब्रुवारी, शनिवार

आज क्लबात जाऊन खरं सांगायचं ठरवलं होतं. दुकानाच्या दारात पोचलो तर आत खुर्चीवर एक दांडगे म्हातारे गृहस्थ, डोळे तपासून घेत बसलेले. पंजे हे एवढे. चष्मेवाला फळ्याकडे बोट करायचा आणि ते धडाधड वाचायचे. मी फ्रेमच्या स्टँडमागे उभा राहिलो. लपलो नाही, फ्रेम बघत होतो.

ते गेल्यावर चष्मेवाला उत्साहाने म्हणाला, "सर, तेच ते ड्रायव्हर आजोबा! नवा चष्मा करतोय त्यांना, जवळचं बारीक दिसायचा. मुद्दाम तेवीस मार्चला हातात देणार. म्हटलं, सरांचे बोल्ट नीट दिसले पाहिजेत."

खरं सांगायचं राहून गेलं. पाववाल्याने आणलेल्या जीपमध्ये मात्र नऊ चुका काढल्या. आवाज थोडा चिरका लागला. घसा बसलाय बहुतेक.

२० फेब्रुवारी

विचारांती निर्णय घेतला: सात नकोत. सात म्हणजे दुकान वाटतं. तीन निवडक ठेवायचे, मध्ये मोकळी जागा सोडून. जाणकार माणूस असंच करतो.

पहिला पार्ट कापला. सकाळी सहा चाळीस. डोळे मिटून कापला, पण कापला. सुस्कारा इतका मोठा सोडला की सासूबाई आतून ओरडल्या, "काय सांडलं?"

२२ फेब्रुवारी. कारखान्यातून

जेवणाची सुट्टी. टेबलाखाली चाकं घासतोय. एका रणगाड्याला चाकं बत्तीस, प्रत्येकाची कड दोनशे फटके. सकाळी सुपरवायझर आले आणि विचारलं, आज चौसष्ट नळ नापास? नळ ठीक असावेत. पण आज ज्या नळाकडे बघतो त्याच्यात मला ते आजोबा नव्या चष्म्यातून बघताना दिसतात. मी म्हटलं, कडा बरोबर नाहीत. ते म्हणाले, "अहो, पाणी येतं ना?" असली माणसं वर बसवल्यावर काय होणार.

मग घाबरून एकशे वीस सलग पास केले. त्यातला एक गळत होता असं आता वाटतंय. नक्की आठवत नाही. तो कोणाच्या तरी घरी जाऊन थेंब थेंब गळणार. नको तो विचार.

२६ फेब्रुवारी. दुपारी

पार्ट नंबर ४१ गेला.

चिमट्यात होता. मोहरीएवढी कडी, दोर बांधायची. "टिंग" असा आवाज आला आणि चिमट्यात काहीच नव्हतं. अर्धी रजा टाकून आलो होतो, ती सगळी गुडघ्यांवर गेली. सोफा हलवला. गालिचा झटकला. ही क्लासहून आली तेव्हा मी फ्रिजखाली टॉर्च मारत होतो. काही न विचारता शेजारी आडवी झाली आणि शोधायला लागली. एकवीस वर्षांच्या संसारात इतके जवळ आम्ही बऱ्याच दिवसांनी आलो असू. तिने विचारलं, "किती मोठा आहे?" मी नखाचं टोक दाखवलं. ती उठून चहा करायला गेली.

पाच वाजता सासूबाईंच्या सपातेत सापडला. त्यांना वाटलं होतं खडा आहे. दिवसभर तसाच घेऊन फिरल्या. म्हणाल्या, "जावईबापू, एवढ्याशा कडीला कोण बांधून ओढणार आहे? मुंगी?"

कडी धुऊन घेतली. वयाचा मान ठेवला.

२ मार्च, शनिवार

क्लबात गेलो नाही. पोटात ढवळतंय असं कळवलं. फोन वाजला की हल्ली आधी पोटाला कळतं.

घरी हिरव्या रंगाचा अभ्यास केला. दोन डब्या आहेत. एक हिरवा कारखान्यातून निघालेल्या रणगाड्याचा, दुसरा उन्हात दोन महिने राहिलेल्याचा. कोणता घ्यायचा यावर सहा दिवस घालवलेत, आणि ते वाया गेले असं मी मानत नाही. हिला दोन्ही नमुने दाखवले. म्हणाली, "हे काय, एकच तर आहे." सासूबाई म्हणाल्या, दुसरा जरा बरा आहे, पण कशाला ते विचारू नका.

बावीस दिवस उरले. तीन रणगाडे ही जरा गर्दी होते. एकच करायचा. एकटा, कपाटाच्या मधोमध, दिव्याखाली. शिखर कसं एकटंच असतं. बाकीच्या सहांचं काय ते पुढे बघू.

६ मार्च

दोन्ही बाजूंचे पट्टे लावून झाले. एकशे अठ्ठावन्न कड्या, एकेक जोडलेली. उभा राहून बघितलं. फार सुंदर. मग पुस्तकातला फोटो शेजारी धरला.

पट्टे उलटे आहेत.

दोन्ही. रणगाडा पालथा धरून काम केलं, पुढचं मागे झालं. कड्यांवरच्या नक्षीचं टोक पुढे हवं, ते मागे आलंय. हे जगात फार तर चारशे माणसांना कळेल. त्यांतलं एक माणूस चोवीस तारखेला माझ्याकडे चहाला येतंय.

न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसलो. नळ बरा होता. कड एका जागी खडबडीत.

९ मार्च, शनिवार. सकाळी

पट्टे काढून परत लावताना झटपट सुकणारा ग्लू वापरला. वेळ वाचावा म्हणून. आता उजव्या हाताची दोन बोटं आणि डावीकडचं मडगार्ड एकच झालंय. हे डाव्या हाताने लिहितोय.

बोटं सोडवता येत नाहीत असं वाटून मी थोडा मोठा आवाज केला. किंचाळलो असं ही म्हणते. तिने साबणाचं गरम पाणी आणलं, माझा हात मांडीवर घेतला आणि हळूहळू सोडवत बसली. म्हणाली, "माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांमध्ये एक जात असते. पहिले चार दिवस आरसाच नीट करतात. सीट पुढे, सीट मागे, आरसा वर, आरसा खाली. किती काटेकोर माणूस, असं वाटतं आधी. मग कळतं, गाडी सुरू करायची नाहीये."

मी विचारलं, मग अशांचं तू काय करतेस?

"मीच किल्ली फिरवते," म्हणाली.

मुद्दा माझ्या संदर्भात नसावा. मला गाडी येत नाही.

१४ मार्च

नवी भीती. आज पहाटे उठलो तीच ही डोक्यात घेऊन. आजोबा ड्रायव्हर. ते येणार आणि सगळ्यात आधी ड्रायव्हरच्या डोक्यावरचं झाकण उघडून आत बघणार. आत काय आहे? काही नाही. सीट नाही, दांडे नाहीत, पेडल नाहीत. आतल्या भागाचे पार्ट किटमध्ये दिलेलेच नाहीत, आणि स्वतः घडवायचे तर वर्ष लागेल.

उपाय सापडला. झाकणं बंद करून चिकटवून टाकली. पाचही. ग्लू दोनदा फिरवला. वरचा तोफेचा फिरता भागही चिकटवला, नाहीतर तो उचलून कोणी आत बघितलं असतं. तोफ नाकासमोर सरळ, रुबाबदार. आता कोणाचा बाप आत बघू शकत नाही.

खूप दिवसांनी जेवण गेलं.

१८ मार्च

सहा रणगाडे कुठे गेले याची कारणं आरशासमोर म्हणून बघितली. एका संग्रहालयाने नेले. (कोणत्या? चष्मेवाला नक्की विचारणार.) वरच्या मजल्यावरून पाणी गळलं. (वर गच्ची आहे.) चोरी झाली. (शिंप्याचा मेहुणा पोलिसात आहे.) भाच्याला भेट दिले. (सहाही?) पाचवं कारण म्हणत होतो तेव्हा मागून सासूबाई म्हणाल्या, "सांगा मी बसले त्यांच्यावर. माझ्यावर कोण रागावणार आहे?"

त्यांचा इतका आधार वाटेल असं कधी वाटलं नव्हतं. हा पर्याय राखीव ठेवला आहे.

२२ मार्च. दुपारी

रंग झाला. हिरवा दुसरा. मडगार्डवर बोटाचा ठसा राहिलाय, त्यावर चिखल रंगवला. चिखल फार खरा वाटतो. बोल्ट मोजले: अकरा. पुन्हा मोजले: अकरा. तिसऱ्यांदा बारा आले. मोजणं थांबवलं.

चष्मेवाल्याला फोन केला, ताप आहे, रविवार पुढे ढकलू या का? म्हणाला, "काळजी करू नका सर, मास्क लावून येतो. आजोबांनी तर कपडे इस्त्रीला टाकलेत."

कपडे इस्त्रीला टाकलेत. हे वाक्य सारखं ऐकू येतंय.

२४ मार्च, रविवार. दुपारी पावणेचार

सगळं तयार. रणगाडा कपाटात मधोमध. काच तीनदा पुसली. ही कपबशा काढतेय. पाणी पिताना दात ग्लासवर वाजतात. चार वाजता येणार. घड्याळ पुढे आहे का ते फोन लावून विचारलं. नाहीये.

बेल.

२४ मार्च. संध्याकाळी साडेसहा

गेले. जसं झालं तसं लिहितो. कोणाला दाखवायचं नाहीये.

चौघे लिफ्टने आले. आजोबा मागून जिन्याने, चार मजले. इस्त्रीचा शर्ट, नवा चष्मा. हिने दार लावायला हात घातला तर म्हणाले, "राहू द्या ताई, उघडंच बरं." आणि खुर्ची ओढून दाराजवळ बसले. मला वाटलं, लवकर निघायचा बेत आहे. बरं वाटलं.

सहांबद्दल मी तोंड उघडणार तेवढ्यात आजोबा उठले आणि कपाटापाशी गेले. मी रणगाडा काढून टेबलावर ठेवला. आजोबा वाकले. पट्ट्यांकडे बघितलं नाही. बोल्टांकडे नाही, हिरव्याकडे नाही. एकाच जागी बघत राहिले. मग बोट ठेवून विचारलं, "हे झाकण उघडतं?"

मी म्हटलं, नाही, चिकटवलंय.

"आणि तोफ बरोबर त्याच्यावर."

मी म्हटलं, हो, तशी ती रुबाबदार दिसते.

त्यांनी झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मग आतला माणूस बाहेर कसा येणार?"

चष्मेवाला हसला. आणखी कोणी हसलं नाही. आजोबा शांतपणे सांगत गेले. सराव चालू होता, लढाईसुद्धा नव्हे. गाडी खड्ड्यात गेली, तोफ त्यांच्या झाकणावर येऊन अडकली, आणि ती फिरवायचं यंत्र बंद पडलं. आत धूर. झाकण चार बोटं उघडायचं आणि तोफेला लागून थांबायचं. अकरा मिनिटं. बाहेरच्यांनी पहारीने फिरवली तेव्हा ते निघाले. "त्याला आता बेचाळीस वर्षं झाली. लिफ्टमध्ये अजून बसत नाही. बायकोच्या माहेरी दोन रात्री राहिलो तरी दार उघडं ठेवून निजतो, लोक हसतात." मग टेबलाकडे बघून म्हणाले, "काम फार छान आहे हो तुमचं. पण ती जरा बाजूला करा ना."

त्यांचा हात टेबलाच्या कडेवर होता. तो थरथरत होता. थरथरणारा हात मी ओळखतो.

मी तोफ धरली आणि फिरवली.

ग्लू दोनदा फिरवलेला होता. आधी काहीच झालं नाही. मग कडाक् आवाज आला. वरचा भाग सुटला, रंगाचा एक लांब पोपडा निघाला आणि तोफ मुळापासून माझ्या हातात आली. बँकवाल्याने डोळे मिटले. मी ब्लेड आणलं आणि झाकणाच्या कडेने घातलं. नेहमी दिवा डावीकडे घेतो, आज घेतला नाही. झाकण उडून सासूबाईंच्या पदरात पडलं. छोटं काळं भोक दिसायला लागलं. आत काही नाही.

आजोबांनी वाकून बघितलं. "हां," म्हणाले. "निघाला." आणि खुर्चीवर बसून दोन कप चहा घेतला.

मग शिंप्याने विचारलंच, "सर, बाकीचे सहा?"

माझ्या हातात अजून तोफ होती. मी म्हटलं, नाहीत. कधीच नव्हते. हाच पहिला.

सगळे कपात बघायला लागले. शेवटी चष्मेवाला म्हणाला, "सर, आम्हाला माहीत आहे. पहिल्या वर्षापासून माहीत आहे. तुमच्या नखाला कधी रंग बघितला नाही आम्ही."

मग अकरा वर्षं मला सर का म्हणता, असं मी विचारलं. खरं तर विचारायला नको होतं. पाववाला म्हणाला, "तुम्ही चुका काढता ना सर, ती मजा असते. तुम्ही गेल्यावर आम्ही थोडा वेळ बसतो. बँकवाले तुमचा आवाज काय हुबेहूब काढतात!"

बँकवाला म्हणाला की तितका हुबेहूब नाही.

आजोबा जाताना म्हणाले, हा मला द्याल का? मोडलेला असला तरी चालेल. मी म्हटलं, दुरुस्त करून देतो. ते घाईघाईने म्हणाले, "नको नको. असाच." हिने बुटांच्या खोक्यात रुमाल घालून बांधून दिला. खोक्याला झाकण लावलं नाही. ते तिला कसं सुचलं, कोण जाणे. आजोबा जिन्याने गेले.

२५ मार्च, सोमवार. सकाळी साडेसात

एकंदरीत भेट यशस्वी झाली असं म्हणता येईल. तज्ज्ञाने काम छान म्हटलं आणि मॉडेल आग्रहाने मागून नेलं. बँकवाल्याला माझा आवाज साधणं शक्य नाही. माझ्या आवाजात एक खर्ज आहे. शनिवारी त्याला करून दाखवायला सांगणार आहे. किंवा या शनिवारी जाणारच नाही. अजून ठरलेलं नाही.

कपाट रिकामं झालं. काचेचं कपाट रिकामं बरं दिसत नाही म्हणून हिने सकाळीच त्यात चादरी ठेवल्या. वरून तिसरीची घडी अर्धा बोट बाहेर आली आहे. काचेतून सरळ दिसते. सांगायला हवं. दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन परत आलो.